मुलाने अमेरिकेत पोलिसांनी कुत्र्याला गोळी घातल्याचा व्हिडिओ पाहिला. आम्ही पुढच्या वर्षी कुत्र्यासकट तिकडेच चाललोय. त्याला काय सांगू? मोबाइल काढून घेऊ का?

मोबाइल काढून घेऊ नका. तुमच्या लेकाने जे पाहिलं ते तुमच्यापाशी येऊन बोलला, हे त्याने फार शहाणपणाचं काम केलंय. त्याबद्दल मोबाइल गेला, तर पुढच्या वेळी असलं काही दिसल्यावर तो तोंड मिटून बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मी डॅलसजवळ राहते. घरात अकरा वर्षांची मुलगी आहे आणि शेल्टरमधून आणलेली एक थोराड, भुंकरी कुत्री आहे. तुम्ही विचारलेले दोन्ही विषय आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर होऊन गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणता, मुलगा दहा वर्षांचा आहे, व्हिडिओ आजीच्या मोबाइलवर पाहिला, तेव्हापासून तुमच्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या, शेजारी चटई टाकून झोपतो आणि ह्यूस्टनला यायचंच नाही म्हणतो. बाबांनी त्याला सांगितलं, "अरे, खोटं असतं ते, एडिट केलेलं." बाबांना तेवढं आवरा. ते खोटं नाही. आज ना उद्या मुलाला दुसरी क्लिप दिसेल, तिसरी दिसेल, आणि मग बाबांच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही उडेल.

छोटं कुत्रं, मोकळी जागा, पोलिसाच्या हातात फास लावलेली काठी, असं तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तो बहुधा टेडीचा व्हिडिओ असावा. मे 2024 मधली मिझुरी राज्यातल्या स्टर्जन या गावातली घटना. टेडी शिह्त्झू जातीचा, जेमतेम सहा किलोचा, आंधळा आणि बहिरा. घरातून निसटला आणि शेजाऱ्यांच्या आवारात गेला. शेजाऱ्यांना वाटलं हरवलाय, त्यांनी मदतीसाठी फोन केला. आलेल्या पोलिसाने त्या काठीने पकडायचा प्रयत्न केला, जमेना, आणि थोड्याच वेळात गोळ्या घातल्या. सगळं त्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात चित्रित झालं. शहराने आधी पोलिसाचीच बाजू घेतली: कुत्रा आजारी किंवा सोडून दिलेला वाटत होता, चावला असता, रेबीज झाला असता वगैरे. मालकाने खटला भरला आणि 2025 मध्ये शहराला 5 लाख डॉलरची भरपाई देऊन तो मिटवावा लागला.

तुमच्या मुलाने यातली फक्त गोळी पाहिली. शेजाऱ्यांचा फोन पाहिला नाही, गावातला संताप पाहिला नाही, खटला पाहिला नाही, भरपाई तर नाहीच. तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये या गोष्टी मावत नाहीत आणि मावल्या तरी त्या कोणी पुढे पाठवत नाही. म्हणून त्याच्याबरोबर बसा आणि पूर्ण गोष्ट सांगा. व्हिडिओ पुन्हा लावू नका. तोंडी सांगा, नाहीतर लिहिलेली बातमी वाचा.

माझ्या लेकीला मी असंच सांगत होते. तिने एवढंच विचारलं, "पोलिसाने हाक मारली का त्याला?" मी म्हटलं, मारली असती तरी टेडीला ऐकू येत नव्हतं. मग ती बराच वेळ गप्प होती आणि म्हणाली, "पण ते पोलिसाला कुठे माहीत होतं?" त्यावर आमचं चांगलं अर्धा तास भांडण झालं. माहीत नसेल तर आधी थांबावं की नाही, सहा किलोच्या कुत्र्याला घाबरायचं कारण काय, शेजाऱ्यांना विचारता आलं नसतं का. पोलिसाची बाजू मी मांडत होते आणि ती खोडत होती. तासाभराने ती घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. माझ्या मते ही प्रगती आहे. चिडलेलं मूल रात्री झोपतं तरी.

आता खरंच असं होतं का? होतं. किती वेळा, याची देशभराची अधिकृत मोजणी कोणी ठेवत नाही, त्यामुळे नेटवर फिरणाऱ्या आकड्यांवर फार विसंबू नका. पण ठळक प्रकरणं नोंदलेली आहेत. टेनेसीत 2003 च्या पहिल्याच दिवशी एक कुटुंब सहलीहून परतत होतं. वडील पेट्रोल पंपावर पाकीट गाडीच्या टपावर विसरले, हायवेवर नोटा उडाल्या, कोणीतरी कळवलं, आणि पोलिसांनी दरोड्याच्या संशयावरून गाडी अडवली. सगळ्यांना खाली उतरवून गुडघ्यांवर बसवलं. घरचे ओरडून सांगत होते, गाडीचं दार लावा, आत कुत्रा आहे. दार कोणी लावलं नाही. कुत्रा उतरला आणि मारला गेला. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं. त्याच वर्षी टेनेसीने पोलिसांना प्राण्यांच्या वागण्याचं शिक्षण देण्याचा कायदा केला आणि त्याला त्या कुत्र्याचं नाव दिलं: जनरल पॅटन कायदा.

मेरिलंडमधल्या बर्विन हाइट्सची 2008 ची घटना तर खुद्द गावाच्या महापौराच्या घरातली. गांजाची तस्करी करणारे कोणाच्याही पत्त्यावर पार्सल पाठवायचे आणि मध्येच उचलायचे. असलंच एक पार्सल त्याच्या घरी आलं, सशस्त्र तुकडी दार फोडून घुसली आणि त्याचे दोन्ही कुत्रे मारले. महापौराचा काडीचाही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी त्या राज्यात कायदा झाला: अशा तुकड्या किती वेळा, कुठे, कशासाठी धाडल्या याचा हिशोब पोलिसांनी द्यायचा. (ते दोन्ही कुत्रे लॅब्रेडॉर होते. तुमचा ब्रूनोही लॅब आहे, तेव्हा ही गोष्ट मुलाला सध्या सांगू नका. मोठ्यांसाठी लिहिलीय.)

आणि टेक्सास, जिथे तुम्ही येणार आहात. डॅलसच्या पूर्वेला रेन्स काउंटी आहे, शेतीवाडीचा भाग. 2014 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याने घरी चोरी झाली म्हणून पोलिसांना बोलावलं आणि तक्रार घ्यायला आलेल्या डेप्युटीने, म्हणजे काउंटीच्या पोलिसाने, त्याचाच कुत्रा मारला. त्या कुटुंबाने विषय लावून धरला. 2015 मध्ये टेक्सासने पोलिसांना कुत्र्यांशी गाठ पडल्यावर कसं वागायचं याचं चार तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. कोलोरॅडोने 2013 मध्येच असा कायदा केला होता. तिथे शक्य असेल तेव्हा मालकाला कुत्रा बाजूला घ्यायची संधी द्यावी लागते.

चार तास पुरेसे आहेत असं मला वाटत नाही. इथले पोस्टमन रोज दारोदार फिरतात, रोज अनोळखी कुत्र्यांना तोंड देतात. त्यांच्याजवळ पत्रांची पिशवी आणि फार तर एक स्प्रे असतो, आणि त्यावर त्यांचं भागतं. हा मुद्दा इथे प्रत्येक वादात निघतो आणि त्याला धड उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालकाची मालमत्ता. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण मालकांना कोर्टात उभं राहता येतं ते याच आधारावर: कारण नसताना पोलिसाने कुत्रा मारणं म्हणजे राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने मना केलेली बेकायदा जप्ती, असं अनेक फेडरल कोर्टांनी मानलंय. अर्थात निकाल दरवेळी मालकाच्या बाजूनेच लागतो असंही नाही. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या प्रकरणात, झडतीच्या वेळी दोन पिटबुल मारले गेले तेव्हा, 2016 मध्ये अपील कोर्टाने पोलिसांना योग्य ठरवलं.

मुलगा "अमेरिका वाईट" असं म्हणून बसला असेल तर आजीलाच विचारायला सांगा. भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करायची हे 2001 चे नियम येण्याआधी आपल्या नगरपालिका त्यांचं काय करत होत्या ते तिने पाहिलेलं असणार.

मोबाइलचं म्हणाल तर खरी भानगड आजीच्या मोबाइलची आहे. मुलांच्या वयाबद्दल कायदे आहेत: अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागते, भारताच्या 2023 च्या डेटा कायद्यात तर अठराखालच्या सगळ्यांसाठी. पण यूट्यूबच्या लेखी तो मोबाइल धरणारी व्यक्ती सत्तरीची आहे आणि तिला भजनं, रेसिपी आणि पोलिसांचे व्हिडिओ आवडतात. मुलाने ती क्लिप शेवटपर्यंत, कदाचित दोनतीनदा पाहिली असेल. भीती वाटली म्हणून पाहिली की आवडली म्हणून, हे यंत्राला कळत नाही, ते तसलंच आणखी दाखवत राहतं. आजीच्या यूट्यूबच्या हिस्ट्रीत जा, त्या दिवसाच्या असल्या क्लिपा काढून टाका, पुढे जी येईल तिच्यावर "रस नाही" दाबा, ऑटोप्ले बंद करा. हे मुलाला शेजारी बसवून करा. आपल्याला काय दिसावं यात आपलाही हात असतो हे त्याला एकदा दिसू दे.

मग त्याच्यासाठी फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून वेगळं खातं काढा आणि यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीचं खातं सुरू करा. त्यात वयानुसार पातळ्या असतात, दहा वर्षांच्या मुलाला सगळ्यात खालची पुरे. ती चाळण आहे, भिंत नाही. बातम्यांच्या चॅनलने टाकलेल्या क्लिपा कधीकधी निसटतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपला विसरू नका. आजीच्या ग्रुपमध्ये आलेला प्रत्येक व्हिडिओ आपोआप डाउनलोड होऊन गॅलरीत बसतो आणि नातू गॅलरी उघडतो ती कालचे वाढदिवसाचे फोटो बघायला. सेटिंग्जमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड आणि गॅलरीत दिसणं, दोन्ही बंद करा. आजीला कारण सांगा, नाहीतर "माझा फोन बिघडवला" म्हणून आठवडाभर ऐकावं लागेल.

चोरून मेसेज वाचणारी, स्क्रीन पाहणारी अ‍ॅपं या वयाला टाकू नका असं माझं मत. मोबाइल दिवाणखान्यात, रात्री चार्जिंग तुमच्या खोलीत, आणि "आज काय विचित्र दिसलं?" असा सहज प्रश्न. आमच्याकडे एवढ्यावर चालतं.

आता त्याचा खरा प्रश्न: आपल्या ब्रूनोला मारतील का? "नाही, काही होणार नाही" एवढ्यावर तो गप्प बसणार नाही, कारण टेडीच्या घरच्यांनाही तसंच वाटत होतं हे त्याला कळतं. त्याला कामं द्या. इथे बेल वाजली की दार उघडण्याआधी ब्रूनोला आतल्या खोलीत नेऊन दार लावायचं, ही त्याची ड्यूटी. आम्ही हे कुरिअरवाल्यापासून सगळ्यांसाठी करतो, त्यामुळे आमची कुत्री बेल ऐकली की स्वतःच आत पळते, बिस्किटाच्या आशेने. गाडीत ब्रूनो मागच्या सीटला पट्ट्याने बांधलेला किंवा क्रेटमध्ये, खिडकी थोडीशीच उघडी. पोलिसाने गाडी अडवली तर आपण उतरायचं नाही, हात स्टिअरिंगवर, आणि पहिल्या वाक्यातच सांगायचं की गाडीत कुत्रा आहे, बांधलेला आहे. घरातून 911 ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करायची वेळ आली तर तिथेही सांगायचं: घरात कुत्रा आहे, त्याला अमुक खोलीत बंद केलंय. फाटकावर "कुत्रा आहे" अशी पाटी. आणि एक गोष्ट मुलाला निक्षून सांगा: पोलिसांसमोर ब्रूनो सुटलाच तर त्याच्यामागे धावायचं नाही, जागेवरून हाक मारायची. ती हाक ऐकून परत येण्याची सवय ब्रूनोला आत्तापासून लावा. ते कामही मुलाकडेच.

कागदपत्रांची फाइलही त्यालाच सांभाळायला द्या, कारण ती जाडजूड होणार आहे. ऑगस्ट 2024 पासून सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचे नवे नियम लागू झाले आणि कुत्र्यांच्या रेबीजच्या बाबतीत भारत जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत आहे. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, लसीचं ठरावीक नमुन्यातलं, सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेलं सर्टिफिकेट हवं. शिवाय मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रक्ताची रेबीज टायटर तपासणी (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आलीय का हे बघणारी), आणि तो नमुना प्रवासाच्या निदान 28 दिवस आधी घेतलेला असावा लागतो. तपासणी नसेल तर इथे आल्यावर 28 दिवस क्वारंटाइन. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला सीडीसीने नोंदवलेलं प्राणी केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरवावं लागतं. अशी केंद्रं सहा ठिकाणी होती आणि त्यांत ह्यूस्टन नव्हतं, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी सीडीसीच्या साइटवरची ताजी यादी बघा. न्यूयॉर्क किंवा अटलांटाला उतरून पुढे टेक्सासला यावं लागेल असं धरूनच चाला.