मूल हवे असूनही न झालेल्या सहकाऱ्यांसाठी कार्यालयात आधारगट सुरू करायचा आहे. लोक येतील का आणि सुरुवात कोठून करावी?

मी अशा एका गटात चार वर्षांपासून आहे आणि दोन वर्षांपासून त्याचे काम पाहते आहे. लोक येतात, पण आपली गोष्ट त्या खोलीबाहेर जाणार नाही अशी खात्री पटल्याशिवाय येत नाहीत.

आमची पहिली बैठक जवळजवळ रिकामी गेली. निमंत्रणात विषय म्हणून गटाचे पूर्ण नाव लिहिले होते आणि ते कॅलेंडरवर शेजारच्याला, वरिष्ठांना, सगळ्यांनाच दिसत होते. पुढच्या वेळी विषयाच्या जागी नुसते ‘बैठक’ असे लिहिले, निमंत्रण खाजगी केले, निमंत्रितांची यादी लपवली, आणि सात जण आले. त्यांतल्या दोघी सहा वर्षे एकमेकींच्या शेजारी बसून काम करत होत्या. दारातून आत येताना त्यांनी एकमेकींना पाहिले आणि बराच वेळ दोघींनाही बोलता आले नाही.

सूचनेत ‘निपुत्रिक’ हा शब्द कृपा करून वापरू नका; ‘मूल हवे असूनही न झालेले’ असे सरळ लिहा आणि त्यात पुरुषही आले हे स्पष्ट करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारण सहांपैकी एकाला, कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. शिवाय जोडीदार न लाभल्यामुळे किंवा आजारपणात वय निघून गेल्यामुळे ज्यांचे मूल राहून गेले, त्यांतले अनेक जण या आकड्यात येतच नाहीत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्यांचे उपचार चालू आहेत आणि ज्यांनी ते थांबवले आहेत, त्यांच्या बैठका वेगळ्या ठेवाव्यात. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारात, गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे माणूस प्रत्येक लहानशा लक्षणाचा अर्थ लावत काढतो. त्याला आशा हवी असते. ज्याने ती आशा मोठ्या कष्टाने सोडली आहे, त्याला शेजारी बसून ते ऐकणे सोसत नाही. आम्ही हे उशिरा शिकलो आणि तोवर एक सहकारी कायमची निघून गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्याविषयी सविस्तर मांडणी केली. हे दुःख तसेच आहे: कोणी गेलेले नसते, म्हणून सांत्वनाला कोणी येत नाही, रजाही मागता येत नाही; उलट ‘तुला काय, घरी मुले नाहीत’ म्हणून उशिरापर्यंतचे काम मात्र गळ्यात पडते. म्हणून बैठकीत आमचा एकच कडक नियम आहे: सल्ला द्यायचा नाही, आणि दत्तकाविषयी, ज्याने स्वतः विषय काढला नाही त्याला, विचारायचे नाही.

मनुष्यबळ विभागाकडून खोली आणि कामाच्या वेळेतला एक तास मागून घ्या, नावे मात्र त्यांना देऊ नका. सहकाऱ्याला बाळ झाल्याचे शुभेच्छापत्र सह्यांसाठी टेबलाटेबलांवरून फिरते, तेव्हा ज्याला ते त्या दिवशी जड जाते तो गटातल्या कोणालाही एका शब्दाचा निरोप पाठवतो आणि दुसरा त्याच्या वतीने सही करून ते पुढे देतो; कारण विचारत नाही. तुमच्या पहिल्या बैठकीला एकच माणूस आला, तरी ती रद्द करू नका.