हिमालयन 411 देऊन 450 घ्यावी का?

आपल्याकडे 2018 ची रॉयल एनफील्डची हिमालयन 411 ही मोटरसायकल आहे आणि ती 58 हजार किलोमीटर चालली आहे. वर्षभर पुण्याहून कोकण आणि गोवा, शिवाय वर्षातून एकदा आठ-दहा दिवसांचा लांबचा प्रवास, तोही बहुतेक वेळा पत्नीसह, असा आपला वापर आहे. ही गाडी विकून हिमालयन 450 घ्यावी की आहे तीच ठेवावी, असे आपण विचारले आहे. मी हाच बदल केला आहे, म्हणून उत्तर आधीच सांगतो: आपल्या वापरासाठी नवी गाडी योग्य ठरेल असे मला वाटते, मात्र शोरूममध्ये जाण्यापूर्वी जुन्या गाडीवर पंधरा-वीस हजार रुपये खर्च करावेत. जी गाडी विकायची तिच्यावर खर्च कशाला, असे मलाही वाटले होते.

मी 450 पहिल्यांदा चालवून पाहिली तेव्हा माझी 411 सहा वर्षांची झाली होती आणि 70 हजारांच्या पुढे गेली होती. वीस मिनिटांच्या त्या फेरीनंतर स्वतःच्या गाडीवर बसून घरी निघालो, तर ती बैलगाडीसारखी वाटू लागली. वळणावर हँडल जड लागत होते, ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली बसत होता आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मागून खट्ट असा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी बुकिंगचे पैसे भरायचे असे ठरवूनच मी सर्व्हिसिंगसाठी नेहमीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले आणि मधोमध आल्यावर ते कसे अडकते हे मला दाखवले. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, संपला होता. शॉकअपमधील तेल मी सहा वर्षांत एकदाही बदलून घेतले नव्हते, मागचा टायर सरळ महामार्गावर झिजून मधोमध सपाट झाला होता आणि मागचे चाक धरणाऱ्या आर्मच्या बुशांना खेळ आला होता. यात गाडीचा काही दोष नव्हता. धुणे, इंजिन ऑइल आणि चेनला वंगण यापलीकडे मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. "आधी हिला बरी करा, मग दोन्ही चालवून बघा," एवढेच मेस्त्री म्हणाले.

कोनसेट, शॉकअपचे तेल आणि सील, बुश, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि मागचा टायर मिळून मला सुमारे 19 हजार रुपये खर्च आला, आणि नव्या गाडीसाठी मी मनात जमवलेल्या कारणांपैकी निम्मी कारणे त्या गॅरेजमध्येच गळून पडली. नव्या गाडीची ज्या गुणांसाठी मी स्तुती करत होतो, त्यांतले बरेचसे केवळ नवेपणाचे गुण होते आणि माझ्या जुन्या गाडीतही ते कधीकाळी होते. म्हणून आपणही 58 हजार किलोमीटरच्या गाडीची हीच तपासणी करून घ्यावी, दुरुस्तीनंतर एकदा कोकणात जाऊन यावे आणि मगच तुलना करावी. गाडी पुढे विकायचीच ठरली तरी हे पैसे पूर्णपणे वाया जात नाहीत, कारण गाडी पाहायला येणारा जाणकार माणूस सर्वांत आधी हँडल आणि चेनच हलवून पाहतो.

आता जी निम्मी कारणे टिकली त्यांच्याकडे येतो. दोन्ही गाड्यांचे नाव एक असले तरी इंजिनांची जात वेगळी आहे. 411 चे इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होणारे, 78 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 86 मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), म्हणजे लांब स्ट्रोकचे आहे. त्यातून साधारण 24 अश्वशक्ती आणि 32 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिळतो, आणि हा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला चार ते साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. 450 मध्ये 84 मिलिमीटरचा बोअर आणि 81.5 मिलिमीटरचा स्ट्रोक आहे, डोक्यावर चार व्हॉल्व्ह आणि ते उघडणारे दोन कॅमशाफ्ट आहेत, आणि थंड करण्यासाठी रेडिएटर व कूलंट आहे. ताकद सुमारे 40 अश्वशक्ती आहे, पण ती 8,000 फेऱ्यांना. 40 न्यूटन-मीटरचा टॉर्कही 5,500 फेऱ्यांना. कागदावर पाहिले तर ताकद दीडपटीहून अधिक वाढली आहे, परंतु ती वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे आणि तिच्यासाठी जिना चढावा लागतो.

याचा अर्थ घाटात कळतो. अनुस्कुरा किंवा वरंध घाटात एखाद्या एस. टी. च्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये, जेमतेम चालत्या इंजिनावर 411 ज्या शांतपणे वर चढते, तशी 450 चढत नाही. तिला एक गिअर खाली हवा असतो, फेऱ्या तीन हजारांच्या वर हव्या असतात, आणि हे विसरून जुन्या सवयीने क्लच सोडला की ती धक्के देऊन नाराजी व्यक्त करते. पहिले दोन महिने मी दर वळणावर चुकत होतो आणि मनात नव्या गाडीला नावे ठेवत होतो. मग हाताला सवय झाली. सहा गिअर आहेत ते वापरण्यासाठीच आहेत, आणि स्लिपर क्लच इतका हलका आहे की दिवसभर गिअर बदलूनही मनगट दुखत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. तरीही आपल्याला संथ गतीने, एकाच गिअरमध्ये रेंगाळत, आजूबाजूला बघत जाण्याची आवड असेल, तर हा फरक आपल्याला कायम जाणवेल. मला अजूनही पावसाळ्यातल्या ताम्हिणीत जुन्या गाडीची आठवण येते.

महामार्गावर मात्र चित्र उलटे होते. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असताना, ट्रकला ओलांडायचे म्हणजे 411 वर आधी समोरचा रस्ता पाहायचा, मग मनाशी हिशेब करायचा आणि बहुतेक वेळा बेत रद्द करायचा. 450 वर तेच काम तीन-चार सेकंदांत होते, आणि ट्रकच्या शेजारी घालवलेला वेळ कमी होतो. माझ्या मते आपल्यासारख्या जोडीने प्रवास करणाऱ्यासाठी नव्या गाडीचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. टॉप स्पीड हे कारण मी धरत नाही. चौपदरी महामार्गावरही दुचाकीला केंद्राने 2018 मध्ये ताशी 80 किलोमीटरची मर्यादा घालून दिली आहे, आणि ज्या रस्त्यांवर वेगाने जाण्याचा मोह होईल ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. शोरूममधील विक्रेता 130 च्या गोष्टी सांगू लागला, तर चहा पिऊन विषय बदलावा. फरक 80 लाच दिसतो: जुन्या गाडीत त्या वेगाला इंजिन कामाला लागलेले असते आणि थोडे वर गेले की कंपने पायांपर्यंत येतात, तर नवी सहाव्या गिअरमध्ये निवांत असते, आणि आठ तासांनंतर खांद्यांना हा फरक मोजता येतो.

पत्नीचे मत आपण स्वतंत्रपणे घ्यावे, माझ्यासारखे गृहीत धरू नये. मी नवी गाडी एकट्याने चालवून पाहिली आणि एकट्यानेच निर्णय घेतला. पुढे पहिल्याच गोवा प्रवासात बसण्याची जागा, पकडायचा दांडा आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग यांबद्दल मागून बऱ्याच सूचना आल्या. जुन्या गाडीचे लोखंडी कॅरिअर आणि बॅगांचे स्टँड नव्या गाडीला बसत नाहीत, तेव्हा त्या खर्चाची तरतूद वेगळी ठेवावी.

उंचीचा मुद्दा कोणी फारसा सांगत नाही. 411 ची सीट जमिनीपासून 800 मिलिमीटरवर आहे. 450 ची 825 वर असून ती 845 पर्यंत वाढवता येते, आणि वेगळी घेतल्यास 805 ची बुटकी सीटही मिळते. वजन मात्र जुन्याच्या आसपास, 196 किलो आहे. माझी उंची पाच फूट पाच इंच. पहिल्याच आठवड्यात टपरीसमोरच्या उतारावर पाय टेकवायला गेलो, तिथे जमीन अडीच इंच खाली होती, आणि गाडी सावकाश, सर्वांच्या साक्षीने आडवी झाली. चूक सर्वस्वी माझी होती. पण त्या संध्याकाळी मी बुटकी सीट मागवली. आपली उंची साडेपाच फुटांच्या आत असेल, तर ती सुरुवातीलाच घ्यावी.

टाकी 15 लिटरवरून 17 लिटरची झाली आहे, आणि म्हणून लडाखसाठी ती अधिक चांगली, असे सांगितले जाते. माझा अनुभव असा, की जुनी मला लिटरला 30 द्यायची आणि नवी 27-28 देते. म्हणजे भरलेल्या टाकीवर दोन्ही साधारण साडेचारशेच्या आसपासच जातात. मनाली-लेह मार्गावर तंडीच्या पंपाजवळ पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची जी प्रसिद्ध पाटी होती, तेवढे अंतर दोन्ही गाड्या सपाटीच्या हिशेबाने पार करतात, आणि घाटाच्या हिशेबाने दोन्हींसोबत कॅन न्यावाच लागतो. लांबच्या प्रवासाला त्यापेक्षा चाकांचा फरक मोठा आहे. 411 मध्ये ट्यूब आहे, आणि 21 इंची पुढच्या चाकाची ट्यूब रस्त्याच्या कडेला ज्याने एकदा काढली आहे त्याला पुढचे सांगायला नको. 450 साठी 2024 मध्ये ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आला. रंगासाठी किंवा दिव्यांसाठी पैसे घालण्यापेक्षा ते या चाकांवर घालावेत. गोल पडद्यावर गुगल मॅप्स दिसतो ही सोय खरी आहे, परंतु तो फोनवरूनच येतो आणि फोनची बॅटरी भराभर उतरवतो, एवढे सांगून पुढे जातो.

दुरुस्तीच्या बाबतीत जुन्या गाडीचे पारडे जड आहे. टॅपेट लावणे (व्हॉल्व्हची फट जुळवणे), केबल बदलणे, ऑइल बदलणे ही कामे दापोलीचा किंवा मालवणचा साधा मेस्त्री करू शकतो. 450 मध्ये थ्रॉटललाही केबल नाही, तो इलेक्ट्रॉनिक आहे. रेडिएटरची जाळी, कूलंट आणि सेन्सर ही नवी जबाबदारी आहे. माझे काम आजवर कुठे अडले नाही, पण लांब निघण्यापूर्वी वाटेवरील अधिकृत सर्व्हिस सेंटरांची नावे लिहून घेण्याची सवय मला या गाडीनेच लावली.

आता पैसे. नोव्हेंबर 2023 मध्ये 450 आली तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 2.69 लाख रुपये होती. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सी. सी. च्या वरील दुचाकींवरील वस्तू व सेवा कर, पूर्वीचा अधिभार धरून 31 टक्के होता, तो 40 टक्के झाला. त्यावर महाराष्ट्रात 299 सी. सी. च्या वरील दुचाकीला 12 टक्के एकरकमी रस्ता कर, आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा. सर्व मिळून रस्त्यावर येईपर्यंत साडेतीन लाखांच्या वर गृहीत धरावे आणि बॅगा, गार्ड, सीट यांसाठी आणखी तीस-चाळीस हजार बाजूला ठेवावेत. जुन्या गाडीच्या विम्यावर दावा न केल्याचा बोनस साठला असेल, तर तो गाडीबरोबर जात नाही, आपल्याबरोबर राहतो. विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तो 50 टक्क्यांपर्यंत मिळतो. मी हे पत्र मागायला जवळजवळ विसरलोच होतो.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देण्याऐवजी थेट विकली तर बरी किंमत येते, परंतु नावावर करून देण्याचे काम आपण स्वतः पूर्ण करून घ्यावे. आपली गाडी एप्रिल 2019 पूर्वीची असल्यामुळे आधी उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घ्यावी लागेल. कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35, आणि मग हस्तांतरणाचे 29 व 30 क्रमांकाचे फॉर्म. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नये. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी दोन-तीन हातांत फिरली असली तरीही. माझी गाडी माझ्या भाच्याने घेतली, तरीही मी आर. टी. ओ. चा संदेश येईपर्यंत दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवली होती, आणि त्यावरून तो मला अजून चिडवतो.

चाचणीच्या फेरीसाठी शोरूमजवळचा रिंगरोड घेऊ नका. रविवारी सकाळी लवकर, पत्नीला मागे बसवून, शक्य असेल तर दिवे घाटात किंवा कात्रजच्या जुन्या घाटात गाडी न्यायची परवानगी मागा, आणि आपली दुरुस्त केलेली 411 त्याच दिवशी त्याच रस्त्याने चालवा. एकटेच आणि सावकाश फिरणारे असता, तर मी आपल्याला जुनीच ठेवायला सांगितले असते. खरेदी पक्की झाली, तर लांबच्या प्रवासाच्या निदान दीड महिना आधी गाडी ताब्यात घ्या. 500 किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग आणि सीटची उंची हे दोन्ही घराजवळ असतानाच उरकलेले बरे.