प्रश्न तुमचे : एक्स्टेंशन ट्यूब घ्यायच्या की मॅक्रो लेन्ससाठी थांबायचं?

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारी चकती थोडी लहान असलेला) डीएसएलआर कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८ अशा दोन लेन्स आहेत. कुंड्यांमधल्या मुंग्या, छोटे कोळी, फुलांचे पुंकेसर जवळून टिपायचे आहेत. मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपायला खास बनवलेली लेन्स, सध्या परवडत नाही. एक्स्टेंशन ट्यूब घेऊ का? काही ट्यूब अगदीच स्वस्त आहेत, काही त्यांच्या कित्येक पट महाग. पोकळ नळीच आहे, तर एवढा फरक कशाचा?

उत्तर : घ्या. तुमच्याकडे ५० मिमी आहे म्हणून घ्या म्हणते. नुसती १८-५५ असती तर नको म्हटलं असतं.

ट्यूब कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स यांच्या मध्ये बसते आणि लेन्सला सेन्सरपासून लांब ढकलते. त्यामुळे वस्तूच्या आणखी जवळ जाऊन फोकस करता येतो. ती लावलेली असताना लांबचं काहीच फोकस होत नाही, हे मात्र धरून चाला. वस्तू किती मोठी मिळेल हे काढायला ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागायचं आणि लेन्सचं मूळचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट असते तो आकडा, त्यात मिळवायचं. लेन्स जितकी आखूड तितका ट्यूबचा परिणाम जास्त. पण म्हणून १८ मिमीवर लावायला जाल तर फोकसची जागा लेन्सच्या काचेलाच टेकते, किंबहुना काचेच्या आत जाते. तिथे मुंगी ठेवणार कुठे? ५० मिमीला हे गणित छान जमतं.

खरेदीआधी घरी एक गोष्ट करून बघा. ५० मिमी लेन्स जितक्या जवळ फोकस करते तितक्या जवळ नेऊन मिलिमीटरची पट्टी आडवी टिपा. फ्रेममध्ये साधारण १५-१६ सेंटिमीटर मावले तर तुमचं मॅग्निफिकेशन ०.१५ आहे, कारण तुमचा सेन्सर जेमतेम साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. आता १२, २० आणि ३६ मिमी अशा तीन ट्यूबांचा नेहमीचा संच घ्या. २० ची लावलीत तर ०.१५ अधिक ०.४, म्हणजे ०.५५, फ्रेममध्ये साधारण ४३ मिलिमीटर मावतील. जास्वंदीचे पुंकेसर, पानाच्या शिरा, पाकळीवरचे थेंब यांना एवढं पुरतं. तिन्ही एकावर एक चढवल्या तर मॅग्निफिकेशन दीडच्या आसपास जातं आणि अवघे सोळा मिलिमीटर मावतात. पाच मिलिमीटरची मुंगी मग फ्रेमची जवळजवळ एक तृतीयांश रुंदी व्यापते.

हे वाचून हुरूप येतो, यायलाच हवा. पण त्या टोकाला मुंगी लेन्सच्या काचेपासून चार-पाच सेंटिमीटरवर असते. तुमची सावली तिच्यावर पडते आणि ती निघून जाते. उजेडही घटतो : दीड मॅग्निफिकेशनला अडीच स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एरवी १/२०० सेकंदाला मिळणारा फोटो १/३० पर्यंत उतरतो. हातात धरून तो हलणारच. तेव्हा फ्लॅश लागेल, तोही कॅमेऱ्यापासून सोडवलेला आणि पुढे पांढरा कागद लावून मऊ केलेला. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा उजेड लेन्सच अडवते.

आता किमतीचा फरक. आजच्या बहुतेक लेन्सचं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, बॉडी चालवते; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान. स्वस्त ट्यूबमध्ये विजेचे संपर्क, त्या छोट्या पितळी टिकल्या, नसतात. मग अपर्चर एक तर सताड उघडं राहतं, नाही तर पार मिटून बसतं. लेन्स कोणत्या घडणीची यावर ते ठरतं. उघडं राहिलं तर एफ/१.८ ला आणि ०.५५ मॅग्निफिकेशनला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे जेवढी जाडी स्पष्ट येते ती, अर्धा मिलिमीटरही नसते. एफ/८ ला तीच दीड मिलिमीटरच्या वर जाते. पुंकेसराचं टोक तरी पूर्ण स्पष्ट यायला हवं ना? कॅननच्या ईएफ लेन्सबाबत एक युक्ती चालते : अपर्चर ठरवून डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच लेन्स सोडवायची, अपर्चर तिथेच अडकून राहतं. पण प्रत्येक बदलाला सेन्सर उघडा टाकायचा, तोही कुंड्यांच्या मातीशेजारी, हे मला पटत नाही. संपर्क असलेल्याच ट्यूब घ्या. बसवल्यावर लेन्स हलक्या हाताने हलवून बघा. खुळखुळत असेल तर परत करा.

वापरताना ऑटोफोकस बंद ठेवा. फोकसची रिंग एका जागी ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे व्हा आणि डोळा स्पष्ट दिसताच लागोपाठ फोटो घ्या. अपर्चर एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या मोहात पडू नका : दीड मॅग्निफिकेशनला ते प्रत्यक्षात एफ/४० सारखं वागतं आणि सगळाच फोटो मऊ पडतो.

आणि एक विनंती, मनापासून. किडे हलू नयेत म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवणारे लोक आहेत. तसं करू नका. पहाटे गारव्याने किडे आपसूक सुस्त असतात, अंगावर दव असतं, उजेडही कोवळा असतो. त्या वेळी जा.

जिवंत किडे हाच पुढे तुमचा विषय झाला तर ९० ते १०५ मिमीच्या मॅक्रो लेन्ससाठी पैसे साठवायला लागा. एकास एक (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराची) मॅग्निफिकेशनलाही तिच्यापुढे दहा-पंधरा सेंटिमीटर जागा राहते आणि किडा बुजत नाही. तोवर ट्यूब तुम्हाला भरपूर शिकवतील.

प्रश्न : माझ्याकडे ५५-२५० झूम आहे. चतुर आणि फुलपाखरं टिपायची आहेत. मीही ट्यूबच घेऊ का?

उत्तर : नको. वरचाच हिशेब करून बघा : तिन्ही ट्यूब मिळून ६८ मिमी, भागिले २५०, म्हणजे अवघी पाव पटीची भर. तुम्ही पुढे फिल्टरसारखी फिरवून बसवायची क्लोज-अप लेन्स घ्या. तिचं गणित उलटं आहे, लांब फोकल लेंथवर ती जास्त काम करते. +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखं ताकदीचं माप) लावून २५० वर अनंताला, म्हणजे सर्वांत लांबवर, फोकस ठेवलात तर अर्धं मॅग्निफिकेशन मिळतं आणि चतुर तुमच्यापासून चांगला अर्धा मीटर लांब बसलेला असतो. उजेडही घटत नाही. फक्त दोन काचा जोडून केलेली, म्हणजे अ‍ॅक्रोमॅट मागा. एकाच काचेच्या स्वस्त संचात कडांना जांभळे-हिरवे रंग सुटतात. माप तुमच्या लेन्सच्या पुढच्या कडेवर छापलेलं असतं, शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारख्या खुणेशेजारी. ५८ असेल तर ५८ चीच घ्या.