मुलाच्या सिनेमाला सहा लाख द्यावेत का?

स.न.वि.वि.

पत्र मिळालं. मार्केट यार्डात तुमची गुळाची अडत. मुलगा पत्रकारिता शिकून तिघा मित्रांबरोबर १८ लाखांत मराठी सिनेमा करायचा म्हणतोय, तुमच्याकडं ६ लाख मागतोय. घर तारण ठेवू का, असं तुम्ही विचारलंय.

घर तारण ठेवू नका. पण पोराला नाहीही म्हणू नका.

'कागदपत्रं नंतर बघू, सगळे दोस्तच आहेत,' हे त्याचं वाक्य मला टोचलं. शेतकऱ्याला उचल देताना तुम्ही खात्यावर मांडता ना? मग हे ६ लाख कर्ज, भांडवल की बक्षीस, तेही आजच लिहा. कर्ज असेल तर सिनेमा पडला तरी पोरानं ते फेडायचं. भांडवल असेल तर बुडायची तयारी ठेवायची, पण मालकीत वाटा घ्यायचा.

माझं मत भांडवलाच्या बाजूनं. १९२९ साली आपल्या कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर यांच्या बरोबरीनं पैसा घालणारे सीतारामपंत कुलकर्णीही भागीदारच होते. तुम्हीही व्हा, पण एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी काढून. साध्या भागीदारीत फर्मचं देणं थेट तुमच्या घरापर्यंत येतं, एलएलपीत सहसा घातलेल्या रकमेपुरतंच राहतं. मात्र वैयक्तिक हमीवर सही केलीत तर ते संरक्षण गेलं. नफ्याची वाटणी आणि मधेच कुणी सोडून गेलं तर काय, हे करारात हवंच. तो करार एलएलपीच्या नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करावा लागतो.

कथा कुणाची? मित्राची असेल तर हक्क सहीनिशी लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यात हक्काचं तोंडी हस्तांतरण चालत नाही, आणि मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षांचीच धरतात. माझ्याकडं एकदा दोन मित्र आले होते. एकाच्या पिशवीत शूटिंगची हार्डडिस्क, दुसऱ्याच्या हातात बिलांचा गठ्ठा. कुणीच कुणाला काही लिहून दिलं नव्हतं. तो सिनेमा अजून त्या डिस्कमध्येच आहे. फार वाईट वाटतं मला.

उरलेल्या रकमेसाठी व्याजाचं आमिष दाखवून गावभर पैसे गोळा करू देऊ नका, २०१९च्या ठेवीविषयक कायद्यात अडकाल. सरकारी अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर परीक्षणानंतर मिळतं, ते बजेटात धरू नका.

पहिला हप्ता लाखभराचाच द्या. त्यातून वकील आणि सीएची फी आधी जाऊ दे. मग चौघांनाही बजेटची वही घेऊन माझ्याकडं पाठवा.