म्यूझस्कोर ४ या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये डाउनलोड केलेला साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांची फाइल) मिक्सरमध्ये, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज ठरवायच्या पॅनलमध्ये, दिसत नाही, काय करावं?

डॉक्युमेंट्समधल्या ‘म्यूझस्कोर४’ फोल्डरच्या आत ‘साउंडफॉन्ट्स’ फोल्डर आहे, फाइल त्यात टाका आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. मग एफ१० दाबून मिक्सर उघडा आणि ज्या वाद्याचा आवाज बदलायचाय त्याच्या पट्टीत ‘साउंड’पाशी तो साउंडफॉन्ट निवडा. मी रोज हेच करतो. दहातल्या नऊ जणांची फाइल ‘डाउनलोड्स’मध्येच पडलेली असते, नाहीतर झिपमध्ये बंद. तरीही दिसत नसेल तर फाइलचं शेपूट (नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन) बघा: एसएफ२ किंवा एसएफ३ हवं. एसएफझेड तिसऱ्या आवृत्तीत चालायचं, चौथीत चालत नाही, कितीही वेळा कॉपी केलंत तरी.

म्यूझ साउंड्सचे, म्हणजे म्यूझस्कोरवाल्यांच्या स्वतःच्या संचांचे, आवाज मात्र या फोल्डरमधून येत नाहीत, ते म्यूझहब या वेगळ्या ॲपमधूनच उतरवावे लागतात, आणि एकेक संच बराच जड असतो; डिस्कवर जागा बघूनच हात घाला.

एक लक्षात असू द्या: मिक्सरमधली निवड त्या-त्या स्कोअरपुरतीच (स्वरलेखनाच्या फाइलपुरतीच) राहते. आणि स्कोअर दुसऱ्याला पाठवलात तर साउंडफॉन्ट सोबत जात नाही. त्याच्याकडेही तो हवा, नाहीतर सरळ एमपी३ काढून द्या.