अकरा तास, ट्यूलिप आणि अठरा हजारांची ‘बचत’

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ६६, पत्नी ६२. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोघं मुलीकडे बॉस्टनला निघाली आहेत, परत येणार सप्टेंबरात. समोर दोन तिकिटं आहेत, दोन्ही ॲमस्टरडॅममार्गे. एकात अडीच तासांचा थांबा. दुसऱ्यात सकाळी सातला उतरून संध्याकाळी सहाला पुढचं विमान, आणि हे तिकीट माणशी नऊ हजारांनी स्वस्त. त्यांचा प्रश्न असा: ‘अठरा हजार वाचतील आणि युरोपही फुकटात बघून होईल. हिला ट्यूलिप बघायचे आहेत, मला म्युझियम. अमेरिकेचा व्हिसा आहेच. घ्यावं का दुसरं तिकीट?’

सर, आधी त्या ‘आहेच’बद्दल. अमेरिकेचा व्हिसा तुम्हाला ॲमस्टरडॅमच्या विमानतळाबाहेर नेणार नाही. शिपोलवर, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या त्या विमानतळावर, आतल्या आत विमान बदलायला भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागत नाही, पण दाराबाहेर पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हवाच, मग तो पाच तासांसाठी का असेना. त्याची फी जून २०२४पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. दोघांचे १८०. हिशेबाला युरो शंभर रुपयांचा धरला (प्रत्यक्षात थोडा जास्तच पडेल) तर झाले अठरा हजार. म्हणजे तिकिटात वाचलेली रक्कम व्हिसाच्या खिडकीवरच संपली! शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, फोटो, बोटांच्या ठशांसाठी मुंबईची फेरी, हे चार-पाच हजार. ट्यूलिपच्या बागेची तिकिटं, बस आणि साधं जेवण, दोघांचं मिळून नव्वद युरो धरू. एकूण साडेएकतीस हजारांच्या आसपास. त्यातून तिकिटातले अठरा वजा केले तरी तुमच्या खिशातून साडेतेरा हजार जातात.

तेव्हा ‘फुकटात युरोप’ हे शब्द मनातून काढून टाका. आता प्रश्न नीट विचारता येतो: वहिनींना ट्यूलिप दाखवायला साडेतेरा हजार खर्चावेत का?

माझं उत्तर हो आहे. एरवी अशा प्रश्नाला मी बहुतेकदा नाही म्हणतो, म्हणून कारण सांगतो. दुसरं कुठलं शहर असतं तर मी म्हटलं असतं, परतीच्या प्रवासात तीन दिवस उतरा, म्हणजे व्हिसाचे तेच पैसे तीन दिवसांवर वाटले जातील. पण लिस गावची क्यूकेनहॉफ ही ट्यूलिपची बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरात तिथे कुलूप असेल. सुमारे ऐंशी एकर बाग, सत्तर लाख कंद हाताने लावलेले, आणि तुम्ही ऐन एप्रिलच्या मध्यावर तिथून जाताय. त्यात लिस हे ॲमस्टरडॅमपेक्षा शिपोलच्याच सोयीचं आहे. हंगामात विमानतळावरून थेट बस असते, पाऊण तास धरा. हा योग पुन्हा जुळवायचा म्हटलं तर मुंबई-ॲमस्टरडॅमचं वेगळं तिकीट काढावं लागेल, आणि तो आकडा लाखांत जातो.

मात्र म्युझियम सोडा. सातला उतरलात की इमिग्रेशनची रांग, आता नव्या पद्धतीत पहिल्यांदा येणाऱ्यांचा फोटोही घेतात. बाहेर पडायला साडेआठ. साडेनऊला बागेत. दीडला परत निघायचं आणि तीनच्या आत विमानतळावर, कारण अमेरिकेच्या विमानांना तिथे जादा तपासणी असते. बागेत मिळाले चार तास. त्यात ॲमस्टरडॅम शहरातलं राइक्सम्युझियम कोंबाल तर दोन्ही ठिकाणी फक्त घड्याळ बघाल. चुकून विमान सुटलं तर? तुम्ही स्वतःहून बाहेर गेला होता, त्यामुळे विमान कंपनी जबाबदारी घेणार नाही, पुढचा प्रवास रद्द होऊ शकतो आणि त्याच तिकिटावरचा परतीचाही. ही जोखीम बागेपुरती मी घेईन, म्युझियमसाठी नाही. सरांनी एवढा त्याग करावा.

पैसे कुठून काढायचे? तुम्ही लिहिलंय की वहिनींची भिशी जानेवारीत लागतेय, चाळीस हजारांची. त्यातूनच करा. मुदतठेव मोडू नका, आणि मुख्य म्हणजे अमेरिकेच्या वैद्यकीय विम्यातून काटछाट करू नका. पत्रात तुम्ही ‘स्वस्तातली पॉलिसी बघतोय’ असं सहज लिहून गेलात, खरं तर मला त्या एका ओळीची काळजी जास्त वाटली. तुम्हाला रक्तदाब आहे, पाच महिने तिकडे राहणार आहात. पूर्वीच्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचं संरक्षण असलेलीच पॉलिसी घ्या, पाच-सात हजार जास्त गेले तरी. आणि घेताना शेंगेन देशांसह किमान ३०,००० युरोंचं संरक्षण असल्याचं प्रमाणपत्र मागा. व्हिसाला ते लागतंच, म्हणजे एका पॉलिसीत दोन्ही कामं.

व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळत नाही आणि अकरा तास विमानतळावरच्या खुर्चीत काढावे लागतील. गुडघ्यांना ते झेपणार नसेल तर हा विचार इथेच सोडा आणि अठरा हजार जास्त मोजून अडीच तासांचं तिकीट घ्या. तोही शहाणपणाचाच खर्च आहे. झेपणार असेल तर अर्ज फेब्रुवारीतच करा. पासपोर्ट दोन-तीन आठवडे त्यांच्याकडे राहू शकतो.

बाकी बारीकसारीक. बागेची तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढावी लागतात, ती व्हिसा हातात आल्यावरच काढा. एप्रिलमध्ये एका शनिवारी त्या भागातून फुलांची मिरवणूक निघते आणि रस्ते तुंबतात, तो दिवस टाळा. कार्ड मशीनने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर दुकानदाराच्या बाजूचा असतो. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहेत ना, ते एजंटकडून लिहून घ्या. आणि लोणच्याच्या बरण्या असलेल्या त्या बॅगा थेट बॉस्टनला टॅग झाल्यात ना, हे मुंबईच्या काउंटरवर विचारून मगच पुढे व्हा.