दहावीनंतर जर्मन पुढे चालू ठेवावं का? माझं मत सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलाला दहावीला जर्मनमध्ये 95 च्या वर मार्क पडलेत, त्याला बारावीनंतर बीए जर्मन करायचंय, घरातले म्हणतायत की आता मोबाइलच सगळं भाषांतर करून देतो आणि परदेशात तर भाषांचे विभागच बंद पडतायत, आणि त्यात शेजारच्या मुलीचं बघून जॅपनीजचा विचार पण डोक्यात आलाय. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते, मधली काही वर्षं मशिनरीवाल्या कंपन्यांची टेक्निकल भाषांतरं पण केलीत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या 95 मार्कांचं बोलू. मुलाचं कौतुक आहेच, पण शाळेतले मार्क आणि लेव्हल या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं लक्षात घ्या. आपल्याकडे आठवीपासून बरीच मुलं जर्मन किंवा फ्रेंच घेतात ती स्कोअरिंग म्हणून, आईवडीलही तसंच सांगतात, आणि मग शिकवणंही पेपरच्या अंगानेच होतं. माझ्याकडे दहावीनंतर अशी मुलं दरवर्षी येतात. फळ्यावर आर्टिकल्सचा तक्ता काढायला सांगितला तर न चुकता घडाघडा लिहितात, डाटिव्ह अक्कुझाटिव्ह या विभक्त्या सगळ्या जागच्या जागी, आणि लगेच मी जर्मनमध्ये विचारलं की आज क्लासला कसा आलास, तर पोरगं माझ्याकडे नुसतं बघत राहतं. बसने आलो एवढंच सांगायचंय आणि त्यात तोच डाटिव्ह लागतो जो त्याने आत्ता फळ्यावर लिहिलाय! यात मुलांचा काही दोष नाही, तीन वर्षांत त्यांना कुणी बोलायला लावलेलंच नसतं.

आणि बाहेरचं जग मात्र आता लेव्हलवर चालतं. युरोपने 2001 मध्ये ए1 ते सी2 अशी सहा पायऱ्यांची चौकट आणली आणि हळूहळू सगळं तिच्यावरच गेलं, व्हिसा, नोकरी, अॅडमिशन, सगळं. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटची बी1, म्हणजे तिसऱ्या पायरीची परीक्षा बघा, वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग, प्रत्येकात 60 टक्के लागतात. बोलण्याच्या भागात दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं, कधी जायचं, कोण काय आणणार वगैरे, मग एका विषयावर छोटं प्रेझेंटेशन आणि समोरच्याच्या प्रेझेंटेशनवर प्रश्न. तिथे पाठांतर फार वेळ टिकत नाही. शून्यापासून बी1 पर्यंत यायला गोएथेवाले स्वतःच 45 मिनिटांचे साधारण 350 ते 650 तास धरतात. शाळेतले तास यात फार पुरत नाहीत.

मागणी कुठून येते तेही बघायला हवं कारण भाषांचे दिवस फिरतात. एकेकाळी पुण्यात रशियन शिकणारे भरपूर होते, सोव्हिएत मशिनरी आणि कागदपत्रं यायची तोवर कामं होती, 1991 नंतर ती आटली. केंद्रीय विद्यालयांत 2011 पासून तिसरी भाषा म्हणून जर्मन होतं, 2014 मध्ये वर्षाच्या मधोमध ते काढून संस्कृत आणलं, सुमारे 70 हजार मुलं त्यात सापडली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, संस्कृतला विरोध म्हणून नाही, संस्कृत जरूर शिकवावं, पण वर्ष चालू असताना मुलांच्या हातातलं पुस्तक बदलू नये. पुढे 2020 च्या शैक्षणिक धोरणात कोरियन, जॅपनीज, थाय, पोर्तुगीज अशी नावं आली आणि आधीच्या मसुद्यातली चायनीज गळली. म्हणजे शाळेतली भाषा सरकारच्या एका निर्णयाने येते जाते, त्यामुळे शाळेवर सगळा भरवसा टाकू नका.

सध्या जर्मनला जोर आहे कारण जर्मनीला माणसं हवीत. 2020 मध्ये त्यांनी कुशल कामगारांसाठी कायदा सैल केला, 2024 मध्ये भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेणार असं जाहीर केलं, आपल्या राज्याने पण जर्मनीतल्या बाडेन व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. त्यामुळे क्लासेस ओसंडून वाहतायत, आणि माझ्या वर्गात आता नर्सिंगच्या मुली, आयटीआयची मुलं, मेकॅनिकलवाले बसतात, पूर्वी नुसते साहित्याची आवड असलेले आणि कॉलेजातले असायचे. मला हा बदल मनापासून आवडतो. नर्सिंगच्या मुली ज्या जिद्दीने बी2 काढतात ती बघण्यासारखी असते.

आता विभाग बंद पडण्याचं. बातमी खोटी नाही. अमेरिकेत 2016 ते 2021 मध्ये कॉलेजात इंग्रजी सोडून इतर भाषा घेणारे 16.6 टक्क्यांनी घटले, जर्मन तर जवळपास एक तृतीयांश, त्याच काळात कोरियन मात्र 38 टक्क्यांनी वाढलं. इंग्लंडमध्ये 2004 पासून वयाच्या चौदाव्या वर्षानंतर शाळेत परदेशी भाषा सक्तीची राहिली नाही आणि तिथपासून गळती लागली. पण त्यांचं आणि आपलं गणित वेगळं आहे हो. इंग्रजी घरात बोलणाऱ्याला दुसरी भाषा न शिकताही सगळीकडे चालून जातं. आपल्या मुलांना दोन तीन भाषांची सवय लहानपणापासून असते आणि परदेशी भाषेने त्यांच्यासाठी खरंच दार उघडतं. तिकडचे आकडे बघून इकडचा निर्णय करू नका.

मोबाइल भाषांतर करतो, हे खरंय आणि कामावर परिणाम झालाय हेही खरंय. साधी मॅन्युअल्स, पत्रं, ईमेल यांची कामं जवळजवळ गेली, जी येतात ती मशीनने केलेलं तपासून द्या अशी येतात आणि दर कमी असतो. पण तपासायला येणाऱ्याला भाषा जास्त यावी लागते. माझ्याकडे एका पंपाच्या देखभालीचा मजकूर आला होता, मशीनचं भाषांतर वाचायला अगदी गुळगुळीत, फक्त व्हॉल्व्ह प्रेशर सोडायच्या आधी बंद करायचा की नंतर हे उलटं झालेलं. ज्याला जर्मनही येतं आणि पंपही कळतो त्यालाच ते दिसणार. म्हणून माझं ठाम मत, नुसत्या भाषेवर करिअर उभं करणं आता अवघड आहे, भाषेच्या जोडीला अजून एक विषय हवाच, कॉमर्स, कायदा, इंजिनिअरिंग, शिकवणं, काहीही.

बीए वाईट का? अजिबात नाही. लेव्हलच्या परीक्षा इतिहास, साहित्य, भाषाशास्त्र शिकवत नाहीत, आणि ज्याला शिक्षक किंवा चांगला अनुवादक व्हायचंय त्याला त्याची गरज पडतेच. मुलाला वाचायची ओढ असेल तर जरूर करू द्या, दिल्लीला जेएनयू आहे, हैदराबादला इफ्लू हे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ आहे. ओढ नसेल आणि फक्त मार्क चांगले म्हणून जायचं असेल तर बीकॉम किंवा इंजिनिअरिंग करत बाहेरून जर्मन करावं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागाचे पार्टटाइम कोर्स आहेत, मॅक्सम्युलर भवन आहे, म्हणजे गोएथेचंच इथलं केंद्र.

जॅपनीजचं थोडक्यात. चांगली भाषा, पुण्यात तिला कामही आहे, पण कांजीला, म्हणजे त्यांच्या चित्रासारख्या अक्षरांना वेळ द्यावा लागतो आणि नोकरीला साधारण जेएलपीटी या जॅपनीजच्या परीक्षेतल्या एन2, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीच्या आसपास विचारतात, तिथे पोहोचायला काही वर्षं जातात. शिवाय जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, त्यामुळे सर्टिफिकेट आलं तरी बोलणं वेगळं शिकावं लागतं. तीन वर्षं जर्मन झालेलं असताना कुणाचं बघून मध्येच भाषा बदलू नका, मुलाला स्वतःला जपानची ओढ असेल तरच.

आता करायचं काय. अकरावीला बरीच मुलं भाषेऐवजी आयटी घेतात, ते टाळा, जर्मनच ठेवा. सोबत ए2 चा क्लास लावा, आधी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या लेव्हलला बसवायचं ते ठरवणारी चाचणी द्यायला सांगा, ए1 परत करायला सांगितलं तर मुलाने मनाला लावून घेऊ नये. बारावीच्या सुट्टीपर्यंत बी1 द्यायचं असं ठरवा, एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. बीए की दुसरं काही हा निर्णय बी1 झाल्यावर घ्या. क्लास निवडताना एक डेमो लेक्चर बसून बघा, तासाभरात मुलं किती बोलली तेवढं मोजा, सरच बोलत असतील तर दुसरा क्लास शोधा. प्लेसमेंटचा रिझल्ट काय येतो ते इथेच टाका, मग पुस्तकं कुठली घ्यायची ते सांगते.